औषध कोणते, आणि ते देणार कोण? अपुऱ्या दिवसांच्या बाळांतील सेप्सिसवरील संशोधनाचा इतिहास

नवजात बालकाच्या रक्तात जंतू शिरून साऱ्या शरीराचा तोल ढासळतो, त्या अवस्थेस वैद्यकशास्त्रात सेप्सिस म्हणतात. जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत तो उद्भवला, तर जंतू बहुधा मातेच्या जननमार्गातून आलेले असतात, असे पाठ्यपुस्तके सांगतात. त्यानंतर उद्भवणाऱ्या विकाराला ‘उशिराचा सेप्सिस’ म्हटले जाते. त्याचे जंतू बाळाच्या भोवतालचे असतात. हाताळणाऱ्यांचे हात, नाळेची ओली जखम, शिरेत घातलेली नळी, श्वासयंत्र, यांतून ते आत शिरतात.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हा धोका सर्वांत मोठा. मातेच्या रक्तातील प्रतिपिंडे मुख्यतः गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत बाळाकडे जातात. आठव्या महिन्यातच जन्मलेल्या बाळाला ही शिदोरी अर्धीमुर्धीच मिळते. त्याची त्वचा पातळ असते, आतड्याचे अस्तर कच्चे असते. शिवाय रोगाची लक्षणे फसवी. मोठ्या माणसाला ताप येतो. असे बाळ पुष्कळदा उलट गार पडते, दूध ओढायचे थांबते, निपचित होते. रक्त तपासायचे तर बाळाच्या अंगातून जेमतेम एक मिलिलिटर मिळते. त्यातून जंतू वाढवून त्यांची ओळख पटेपर्यंत दोनेक दिवस जातात, आणि अनेकदा रोग असूनही तपासणी कोरीच येते. म्हणून उपचार नेहमी अंदाजाने, पुरावा हाती येण्यापूर्वीच सुरू करावा लागतो. या अंदाजाला शास्त्राचा आधार मिळवण्याच्या प्रयत्नांतूनच या संशोधनाचा इतिहास घडला आहे.

त्या इतिहासाचे पहिले दोन धडे अमेरिकेतील रुग्णालयांत, आणि फार मोठी किंमत देऊन, शिकले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिजैविके मुबलक झाली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना संसर्ग होण्याआधीच ती दिली तर मृत्यू टळतील, असे डॉक्टरांना मनापासून वाटत होते. न्यूयॉर्कमध्ये विल्यम सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दोन उपचारांची तुलना केली. एका गटास पेनिसिलिन व सल्फा कुळातील सल्फिसॉक्साझोल, दुसऱ्यास ऑक्सिटेट्रासायक्लिन. १९५६ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सल्फा मिळालेल्या गटात मृत्यू अधिक होते, आणि मृत बाळांच्या मेंदूत कावीळीच्या पिवळ्या रंगद्रव्याने केलेली हानी आढळली. सल्फाचे रेणू रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनावरची जागा बळकावतात, तेथून बिलिरुबिन सुटते आणि ते मेंदूत शिरते, ही प्रक्रिया पुढे उलगडली.

दुसरा धडा लॉस एंजेलिसचा. तेथे बर्न्स, हॉजमन आणि कॅस या तीन संशोधकांनी, गर्भजल फुटल्यानंतर २४ तासांहून अधिक काळाने जन्मलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे चार गट केले. एका गटास कोणतेच प्रतिजैविक नाही, दुसऱ्यास पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन, तिसऱ्यास क्लोरॅम्फेनिकॉल, चौथ्यास तिन्ही. १९५९ साली छापलेले आकडे आजही अस्वस्थ करतात. औषध न मिळालेल्या गटात सुमारे १९ टक्के बाळे दगावली, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनच्या गटात १८ टक्के, क्लोरॅम्फेनिकॉलच्या गटात सुमारे ६० टक्के, आणि तिन्ही औषधांच्या गटात ६८ टक्के. बाळांचे पोट फुगे, अंग राखाडी पडे, रक्ताभिसरण कोलमडे. क्लोरॅम्फेनिकॉलचा निचरा करणारी यकृतातील यंत्रणा या बाळांत अद्याप तयार झालेली नव्हती, त्यामुळे औषध अंगात साचत जाई. औषधाविना ठेवलेला गट नसता, तर हे मृत्यू संसर्गाच्याच खात्यावर मांडले गेले असते. तुलनेच्या गटाशिवाय कोणत्याही उपचारावर विश्वास टाकू नये, हा नियम नवजातशास्त्राने असा आत्मसात केला.

१९६३ साली अमेरिकेतील शेरिंग कंपनीच्या प्रयोगशाळेतून जेंटामायसिन पुढे आले. मातीत आढळणाऱ्या एका सूक्ष्मजीवापासून मिळवलेले हे औषध क्लेब्सिएला, ई. कोलाय अशा जंतूंवर परिणामकारक ठरले. मूत्रपिंड आणि श्रवणशक्ती यांना त्यापासून अपाय होऊ शकतो, म्हणून मात्रेची काळजी घ्यावी लागते. तरीही ते स्वस्त होते, स्नायूत टोचता येत होते, आणि पेनिसिलिन कुळातील औषधाच्या जोडीने ते जगभर नवजात सेप्सिसचा प्रमाण उपचार बनले. ‘औषध कोणते?’ या प्रश्नाला काही काळापुरते तरी उत्तर मिळाले होते.

भारतातील बहुसंख्य बाळांना मात्र या उत्तराचा उपयोग नव्हता. खेड्यातील बाळ घरीच जन्मे, घरीच आजारी पडे आणि अनेकदा घरीच मरे. रुग्णालयात सिद्ध झालेले औषध आणि झोपडीतील बाळ यांच्यातील अंतर किती आहे, हे प्रथम मोजले गेले ते महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभारली. बालकांतील न्यूमोनियावर गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी उपचार केल्यास मृत्यू घटतात, हे त्यांनी १९९० साली ‘लॅन्सेट’मधून दाखवून दिले होते. त्यानंतर लक्ष वळले नवजात बालकांकडे. १९९३ साली ३९ गावांत प्रयोगाची आणि ४७ गावांत तुलनेची मोजणी सुरू झाली. प्रयोगाच्या गावांत पहिल्या दोन वर्षांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू नोंदले गेले.

१९९५-९६ हे निरीक्षणाचे वर्ष होते. गावातीलच, थोडे शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. त्यांनी ७६३ नवजात बालके घरोघर जाऊन वारंवार तपासली आणि नोंदी ठेवल्या. ५४ टक्क्यांहून अधिक बाळांना वैद्यकीय सेवेची गरज होती; ती मिळाली अवघ्या २.६ टक्क्यांना. सेप्सिसची लक्षणे १७ टक्के बाळांत दिसली. ४० बाळे दगावली, त्यांपैकी २१ मृत्यूंचे मुख्य कारण सेप्सिस किंवा न्यूमोनिया हे होते. अपुऱ्या दिवसांच्या दर तीन बाळांपैकी एक महिनाभरही जगले नाही. नोंदींचे विश्लेषण करताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. कमी वजन किंवा अपुरे दिवस ही एकटी कारणे जितकी मारक होती, त्याहून संसर्गाची जोड मिळाली की ती कितीतरी अधिक मारक ठरत. वजन घरी वाढवता येत नव्हते, पण संसर्गावर घरी उपचार करता येईल काय?

हा प्रश्न विचारणे सोपे नव्हते. नवजात बाळाला इंजेक्शन द्यायचे, तेही डॉक्टर नसलेल्या, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रीने, या कल्पनेला प्रस्थापित वैद्यकशास्त्राचा आक्षेप स्वाभाविक होता. चुकीचे निदान होईल, मात्रा चुकेल, बाळ रुग्णालयात नेण्यास उशीर होईल, हे धोके खरेच होते. ‘सर्च’ने वाट काढली ती निदानाची पद्धत अतिशय काटेकोर करून. रक्ततपासणी शक्य नव्हती, म्हणून डोळ्यांना दिसणारी, हाताला जाणवणारी आणि घड्याळाने मोजता येणारी काही लक्षणे ठरवण्यात आली. पूर्वी नीट रडणारे बाळ क्षीण रडू लागले काय? पूर्वी नीट दूध पिणाऱ्याने ओढणे सोडले काय? हातपाय लुळे पडले काय? श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक झाला काय? अंग गार किंवा तापलेले आहे काय? अशा लक्षणांपैकी किमान दोन एकाच वेळी आढळली, तर सेप्सिस समजून प्रथम रुग्णालयात जाण्याचा सल्ला द्यायचा; कुटुंबाने नकार दिला, तर संमती घेऊन जेंटामायसिनची इंजेक्शने आणि कोट्रायमॉक्साझोलचे तोंडावाटे द्रावण सुरू करायचे.

या निकषांतील ‘पूर्वी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रुग्णालयातील डॉक्टरपुढे बाळ येते, तेव्हा ते काल कसे होते हे त्याला ठाऊक नसते. आईला ठाऊक असते, आणि जन्मापासून घरी येणाऱ्या आरोग्यदूतालाही. उशिराचा सेप्सिस हळूहळू बदलाच्या रूपात प्रकट होतो. तो बदल टिपण्याच्या बाबतीत घर हे रुग्णालयाइतकेच उपयुक्त निरीक्षणस्थळ ठरले.

डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात परिणाम मांडण्यात आला. १९९७-९८ या तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्युदर २५.५ पर्यंत उतरला होता. तुलनेच्या गावांत तो जवळपास ६० वरच होता. सेप्सिस झालेल्या बाळांपैकी उपचारापूर्वीच्या काळात १६.६ टक्के दगावत असत. आरोग्यदूतांनी उपचार केलेल्या पहिल्या ७१ बाळांत हे प्रमाण २.८ टक्के निघाले. दर बाळामागे खर्च सव्वापाच डॉलरच्या आसपास आला. पुढील वर्षांची आकडेवारी २००५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण ३३.३ टक्क्यांवरून १०.२ टक्क्यांवर आलेले दिसले.

या प्रयोगाच्या मर्यादाही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्याव्यात. निदान लक्षणांवर आधारलेले होते, जंतू वेगळे करून पाहिलेले नव्हते. सेप्सिसमधील मृत्यूंची तुलना आधीच्या आणि नंतरच्या काळाची होती. आईचे प्रशिक्षण, बाळ उबेत ठेवणे, स्तनपान, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळांवरील उपचार हे सारे एकत्र दिले गेले, त्यामुळे यशातील नेमका किती वाटा प्रतिजैविकाचा, हे वेगळे काढणे कठीण आहे. कोट्रायमॉक्साझोलमध्ये सल्फा कुळातील घटक असतो. १९५६ च्या अनुभवामुळे नवजात बालकांत त्याच्या वापराविषयी सावधगिरी बाळगली जाई. पुढील काळातील कार्यपद्धतींत त्याची जागा अमॉक्सिसिलिनने घेतली. इतके सारे लक्षात घेऊनही, तुलनेच्या गावांतील मृत्युदर जागचा हलला नव्हता, ही वस्तुस्थिती उरतेच.

गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, रायपूरमध्ये, याच सुमारास दुसरा प्रवाह आकार घेत होता. नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले, तेव्हा दूरवरच्या पाड्यांत डॉक्टर पोहोचण्याची शक्यता फार थोडी होती. २००२ साली रायपूरमध्ये राज्य आरोग्य संसाधन केंद्र स्थापन झाले आणि मितानिन कार्यक्रम सुरू झाला. छत्तीसगडी समाजात ‘मितान’ हे विधिपूर्वक जोडलेले, पिढ्यान्‌पिढ्या पाळले जाणारे मैत्रीचे नाते आहे. त्यावरून वस्तीने आपल्यातून निवडलेल्या स्वयंसेविकेला ‘मितानिन’ हे नाव मिळाले. काही वर्षांतच त्यांची संख्या सुमारे ६० हजारांवर गेली. बाळंतपणानंतर लवकरात लवकर घरी जाऊन बाळाला पाहणे हा त्यांच्या कामाचा भाग होता. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ ही संकल्पना आली, तेव्हा तिच्यामागे मितानिनचा अनुभव होता.

गडचिरोलीने घरातील उपचाराचा पुरावा दिला आणि रायपूरने संपूर्ण राज्यभर गावोगावच्या स्त्रिया उभ्या करता येतात हे दाखवले. २०११ साली केंद्र सरकारने घरगुती नवजात सेवेची मार्गदर्शिका जाहीर केली, तीत हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. आशाने रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला ४२ दिवसांत सहा, तर घरी जन्मलेल्या बाळाला सात भेटी द्यायच्या, वजन व तापमान पाहायचे, धोक्याची लक्षणे ओळखायची. एक गोष्ट मात्र वगळली गेली. राष्ट्रीय कार्यक्रमात इंजेक्शन आशाच्या हाती देण्यात आले नाही. २०१४ साली निघालेल्या सूचनांनुसार, रुग्णालयात नेणे शक्य नसेल अशा विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन टोचण्याची मुभा उपकेंद्रातील एएनएमला मिळाली. म्हणजे लक्षण ओळखणारी एक आणि औषध देणारी दुसरी, अशी विभागणी झाली. या विभागणीमागे सुरक्षिततेचा विचार आहे. परंतु पावसाळ्यात नाला ओलांडून उपकेंद्र गाठावे लागते, अशा पाड्यातील बाळासाठी दोघींमधील अंतर तासांत मोजावे लागते. आणि सेप्सिसमध्ये हेच तास निर्णायक ठरतात.

दरम्यान अधिकाधिक बाळंतपणे रुग्णालयांत होऊ लागली आणि ‘औषध कोणते?’ हा सुटलेला वाटणारा प्रश्न नव्या रूपात परतला. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात १३ हजारांहून अधिक नवजात बालकांचा अभ्यास झाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार सर्वाधिक आढळलेला जंतू अ‍ॅसिनेटोबॅक्टर होता आणि त्याचे ८२ टक्के नमुने अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे होते. त्याहून धक्कादायक निष्कर्ष असा की लवकरच्या आणि उशिराच्या सेप्सिसमधील जंतू जवळजवळ सारखेच होते. मातेकडून आलेले आणि भोवतालातून आलेले, ही पाठ्यपुस्तकातील सीमारेषा या रुग्णालयांत पुसट झाली होती. रुग्णालयातील जंतू जन्मानंतर काही तासांतच बाळापर्यंत पोहोचत असावेत, असा त्याचा अर्थ लावला गेला.

अधिक प्रबळ औषध वापरावे, हा त्यावरचा सहज सुचणारा उपाय. युरोपात उशिराच्या सेप्सिसवर मेरोपेनेम आणि प्रमाण उपचार यांची तुलना २७१ बाळांत करण्यात आली. २०२० साली निष्कर्ष आला, तो मेरोपेनेम सरस असल्याचे सिद्ध झाले नाही असा. प्रबळ औषध सरसकट वापरण्याने प्रतिकारक जंतू मात्र वाढतात. पुढे भारतासह ११ देशांतील ३,२०० हून अधिक बाळांच्या निरीक्षणात असे आढळले, की डॉक्टर प्रतिजैविकांच्या २०० हून अधिक वेगवेगळ्या जोड्या वापरत होते. एकाच रोगावर इतके निरनिराळे उपचार होतात, तेव्हा योग्य उपचार कोणता हे कोणालाच पुरेसे ठाऊक नाही, असाच त्याचा अर्थ होतो. या निरीक्षणातून पुढील चाचणीची आखणी झाली. तीत फॉस्फोमायसिन आणि फ्लोमॉक्सेफ या जुन्या, पण नवजात बालकांत फारशा न पारखलेल्या औषधांच्या जोड्या तपासल्या जात आहेत. या कामाचा आरंभ दक्षिण आफ्रिका आणि केनिया येथे झाला.

साठ-सत्तर वर्षांच्या या वाटचालीत एक उणीव सातत्याने दिसते. सर्वाधिक धोका ज्या बाळांना, तीच चाचण्यांच्या बाहेर राहतात. रुग्णालयात नेणे अशक्य असल्यास जेंटामायसिन व तोंडावाटे अमॉक्सिसिलिन चालेल, हे आफ्रिका, बांगलादेश आणि पाकिस्तानातील चाचण्यांनी दाखवले आणि २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर मार्गदर्शिका काढली. परंतु त्या चाचण्यांत दीड किलोहून कमी वजनाची बाळे घेतलेली नव्हती. छत्तीसगडच्या शेजारी ओडिशात ४,५०० हून अधिक बाळांवर झालेल्या आणि २०१७ साली ‘नेचर’मध्ये गाजलेल्या प्रयोगात उपकारक जंतू व त्यांचे खाद्य यांच्या मिश्रणाने सेप्सिस आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी घटले, तेथेही दोन किलोंहून कमी वजनाची बाळे वगळलेली होती. वगळण्याची कारणे समजण्यासारखी आहेत. सर्वांत नाजूक बाळावर प्रयोग करण्यास कोणीही कचरेल. तथापि १९५९ च्या आकड्यांनी हेही शिकवले आहे, की प्रयोग न करताच दिलेले औषध हाही एक प्रयोगच असतो. फक्त त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

म्हणून पुढील संशोधनासाठी रायपूरसारखे शहर विशेष महत्त्वाचे ठरते. तेथे एम्स आहे, जुने वैद्यकीय महाविद्यालय आहे, जंतू वाढवून त्यांची प्रतिकारशक्ती तपासण्याची सोय आहे. आणि त्याच राज्यात वस्तीवस्तीवर बाळाला जन्मापासून पाहणारी मितानिन आहे. अतिदक्षता कक्षातून दीड किलोचे बाळ घरी सोडले जाते, तेव्हा त्याचा धोका संपलेला नसतो. घरी त्याला संसर्ग झाला, तर तो रुग्णालयातील प्रतिकारक जंतूंचा की गावातील साध्या जंतूंचा, आणि त्यावर जेंटामायसिन अजून चालते की नाही, या प्रश्नाचे उत्तर केवळ प्रयोगशाळेत किंवा केवळ पाड्यात मिळणार नाही. त्यासाठी मितानिनच्या वहीतील ‘पूर्वी नीट पीत होते, आज पीत नाही’ ही नोंद आणि त्याच बाळाच्या एक मिलिलिटर रक्ताचा अहवाल एकाच अभ्यासात शेजारी ठेवावे लागतील, आणि सर्वांत लहान बाळांनाही त्या अभ्यासात जागा द्यावी लागेल.